भोक आहेच की, नुसतं मोठं करायचंय!

"भोक हाय की आधीच. नुस्तं मोठं करून द्यायचं. त्याला कसलं ओ एवढं पैसं?"

कोल्हापूरच्या उद्यमनगरात जॉबवर्क (दुसऱ्यांचे पार्ट मशीनवर करून देणं) करणाऱ्या कुणालाही विचारा, हे वाक्य त्याला पाठ असतं. गिऱ्हाइकाचा हिशेब वरवर बरोबरही वाटतो. भरीव लोखंडात २५ मिलिमीटरचं भोक पाडायचं तर सगळा माल कापून बाहेर काढावा लागतो. आधीच २० चं भोक असेल तर त्यातला दोन तृतीयांशाच्या आसपास माल गेलेलाच आहे. राहिलं ते एक बारीक कडं. मग दर कमी हवा की नको? आणि बोरिंगचं काम करणारा मी उलटा जास्त सांगतो. मग वाद, मग चहा, मग चहावर पुन्हा वाद.

वाद घालणाऱ्यांत डिप्लोमा झालेली, हातात ड्रॉइंग घेऊन येणारी पोरंही असतात. ड्रिलिंग म्हणजे भोक पाडणं आणि बोरिंग म्हणजे असलेलं भोक मोठं करणं, एवढं त्यांना परीक्षेपुरतं पाठ असतं. त्यात चूक काही नाही. पण मोठं ड्रिल घातलं तरी असलेलं भोक मोठं होतंच की! मग बोरिंगचे वेगळे पैसे कशाला, याचं उत्तर त्या व्याख्येत सापडत नाही.

आमच्या मेस्त्रींकडे ते तयार असतं. माणूस वडिलांच्या वेळेपासूनचा, सत्तरी ओलांडलेला. मी त्यांना मामा म्हणतो, ते मला अजून ‘धाकटं मालक’ म्हणतात. त्यांचं म्हणणं असं: "ड्रिल भोकाचं ऐकतंय, बोरिंग बार मशीनचं ऐकतोय. तुमास्नी कुणाचं ऐकायचंय ते आधी ठरवा, मग दराचं बोलू."

बोरिंग बार म्हणजे टोकाला एकच कापणारं हत्यार बांधलेला दांडा. आता हे जरा उलगडून सांगतो.

नव्या ड्रिलचं टोक उजेडात धरून बघा. दोन धारा थेट मधोमध येऊन मिळत नाहीत, त्यांच्यामध्ये एक छोटी आडवी कड असते. तिला चिझल एज म्हणतात. ही कड धड कापत नाही, माल चेपून बाजूला सारते. भरीव जॉबमध्ये ड्रिल दाबायला जेवढा जोर लागतो त्यातला निम्म्याच्या आसपास, कधी जास्तच, एवढीशी कड खाऊन टाकते. म्हणून तर मोठ्या ड्रिलच्या आधी आपण पायलट, म्हणजे वाट करून देणारं लहान भोक, मारतो. पण या कडेचा एक उपकारही असतो. ती आणि तिच्याभोवती तयार झालेला शंकूसारखा खड्डा मिळून ड्रिलला मधोमध रोवून धरतात. धारांची आपापसात ओढाताण चालू असली तरी टोक जागा सोडत नाही.

भोक आधीच असलं की टोकाखाली काही उरतच नाही. ड्रिल टेकतं ते फक्त धारांच्या बाहेरच्या भागावर, म्हणजे कोपऱ्यांवर. एक धार थोडी जास्त कापायला लागली की ड्रिल दुसरीकडे ढकललं जातं, मग दुसरी धार जास्त कापते. मधे धरून ठेवणारं कुणी नाही. त्यात खालून विरोध नसल्यामुळे आणि धारेला स्पायरलचा हूक, म्हणजे आकड्यासारखा पुढे झुकाव, असल्यामुळे ड्रिल आपणहून आत घुसायला बघतं. भरीव जॉबवर तुम्ही ड्रिलला ढकलत असता, इथे ड्रिल तुम्हाला ओढत असतं.

पितळ आणि गनमेटलमध्ये तर हे हमखास होतं. लेथवर गनमेटलच्या बुशमध्ये (पोकळ नळकांड्यात) मोठं ड्रिल घातलं, की टेलस्टॉकच्या, म्हणजे लेथच्या ड्रिल धरणाऱ्या टोकाच्या, टेपरमधून ते स्लीव्हसकट सुटून पुढे खेचलं जातं आणि जॉबबरोबर गरगर फिरायला लागतं. रेडिअल ड्रिलवर, म्हणजे उभ्या ड्रिलिंग मशीनवर, असेल तर ड्रिलच्या मागची चपटी शेपटी, टँग, मुरगळते, नाहीतर प्लेटच उचलली जाते. नीट क्लॅम्प न केलेली प्लेट अशी फिरली की तिच्या वाटेत हात असू नये, हे प्रत्येक शेडमध्ये कुणाचं तरी बोट दाखवून शिकवलं जातं. मामा गनमेटलसाठी एक ड्रिलचा संच वेगळाच ठेवतात. त्या ड्रिलांच्या धारेचा हूक त्यांनी ऑइलस्टोन फिरवून किंचित सपाट केलेला आहे. हूक गेला की ड्रिल ओढत नाही, खरवडत जातं. वेळ लागतो, पण जॉब जागेवर राहतो. त्या डब्यावर खडूने ‘हात लावू नये’ लिहिलंय. लिहिलं नसतं तरी कुणी लावला नसता.

खरी गंमत पुढे आहे, आणि ती गिऱ्हाइकाला पटवायला सर्वांत अवघड जाते.

एक जण २० मिलिमीटर जाडीची एमएसची, म्हणजे साध्या पोलादाची, प्लेट घेऊन आला. तिच्यातलं २० चं भोक दुसरीकडून २५ चं करून आणलेलं होतं. त्यात ग्राइंड केलेली २५ ची पिन बसायची होती, पण ती तोंडाशीच अडत होती. तो व्हर्निअर घेऊनच आला होता. आडवं मोजलं, २५.१०. उभं मोजलं, २५.१०. तिरकं मोजलं तरी तेवढंच. "आता सांगा, भोक मोठं, पिन लहान, तरी आत का जात नाही? पिनच वाकडी असणार." पिन सरळ होती. मामांनी तिला निळा रंग लावला, भोकात दाबून थोडी फिरवली आणि काढली. भोकाच्या आत तीन पट्ट्यांत रंग उतरला होता, मधल्या तीन जागा कोऱ्या. मग मी तीन बोटांचा बोअर गेज, म्हणजे भोकाला आतून तीन जागी टेकणारं माप, घातला. एका जागी २४.९०. तोच साठ अंश फिरवला, २५.३०.

भोक तीन कोनी झालं होतं. डोळ्याला दिसावं इतकं नाही, पण पिनला कळावं इतकं. दोन धारांचं ड्रिल मोकळं सुटलं की असं तीन फुगवट्यांचं भोक करतं, हा त्याचा जुना स्वभाव आहे. या आकाराची खोड अशी, की एका बाजूचा फुगवटा बरोबर समोरच्या बाजूच्या चेपलेल्या जागेसमोर येतो. त्यामुळे समोरासमोरच्या दोन टोकांत मोजणारं कुठलंही माप, मग ते व्हर्निअर असो नाहीतर दोन टोकांचा इनसाइड मायक्रोमीटर, सगळीकडे सारखाच आकडा दाखवतं. खोटेपणा पकडायला तीन टेकू लागतात. गिऱ्हाइकाने दोन्ही आकडे स्वतः वाचले, गेज स्वतः फिरवून बघितला आणि मग जरा वेळ काही बोलला नाही. पिन बसवायला शेवटी त्याला भोक २६ ला बोअर करून घ्यावं लागलं आणि पिनही नवी. आधीच बोअर करून घेतलं असतं तर त्याला एवढा खर्च आला नसता, पण ते मी त्या दिवशी बोललो नाही.

असं भोक वाढवायला काही जण पायऱ्या करतात. आठचं, मग बाराचं, मग सोळाचं, मग वीसचं, मग पंचवीसचं. बघणाऱ्याला वाटतं, कारागीर किती जपून काम करतोय! माझ्या मते भरीव जॉबमध्येसुद्धा हा बहुतेक वेळा नुसता वेळकाढूपणा आहे आणि ड्रिलचं नुकसानही. प्रत्येक पायरीला ड्रिलचे फक्त बाहेरचे कोपरे कामाला लागतात, आणि ड्रिलचे कोपरेच सर्वांत आधी झिजतात, कारण तिथे वेग सगळ्यात जास्त. शिवाय प्रत्येक पायरीला टोक अधांतरी. त्यापेक्षा एकच पायलट मारावा, मोठ्या ड्रिलच्या मधल्या गाभ्याच्या जाडीपेक्षा जरासा मोठा, म्हणजे चिझल एजला मोकळीक मिळते आणि धारांना मात्र भरपूर माल राहतो. पंचवीसच्या ड्रिलला पाचेक मिलिमीटरचा पायलट पुरतो. मग सरळ मोठं ड्रिल. मशीनमध्ये तेवढी ताकद नसेल तर गोष्ट वेगळी, मग एखादी पायरी मधे घ्यावी लागते.

आणि भोक आधीच वीसचं असेल तर? तेव्हा ड्रिल मारायचंच झालं तर स्पिंडलचा (ड्रिल फिरवणाऱ्या दांड्याचा) वेग कमी, फीड (आत सरकायची गती) ठाम, आणि जॉब पक्का बांधलेला. बिचकत, थांबत थांबत खाली आणलं की ड्रिल थरथरायला लागतं आणि भोकाच्या तोंडाशी पाकळ्या उठतात. मामा अशा वेळी भोकावर चार पदरी कापड अंथरून त्यावरून ड्रिल उतरवतात. हात लांब. सुरुवातीचा धक्का कापड खातं आणि तोंड गोल येतं. युक्ती चांगली आहे, पण ती तोंडापुरतीच. भोक सरळ करायची ताकद कापडात नाही.

या कामासाठी खरं तर वेगळं हत्यार असतं. कोअर ड्रिल. तीन किंवा चार धारांचं, टोकाला कापायची सोयच नसलेलं. भरीव मालात ते जाणारच नाही. ओतकामात ठेवलेलं किंवा आधी पाडलेलं भोक वाढवायला म्हणूनच ते बनवलेलं असतं. मधला गाभा जाड असल्याने ताठ, आणि तीन-चार टेकू असल्याने तिकोनी भोक करत नाही. पूर्वी प्रत्येक मोठ्या शेडमध्ये यांचा डबा असायचा. आता नव्या पोरांना दाखवलं तर ‘हे ड्रिल तुटलंय का?’ विचारतात. जुन्या टूलच्या दुकानांतून कधी मिळालं तर घेऊन ठेवा. पण एक गोष्ट कोअर ड्रिलनेही होत नाही. ते गोलाई देतं, बऱ्यापैकी मापही देतं, मात्र जातं ते आधीच्या भोकाच्या मागोमागच. भोक वाकडं असेल तर हेही वाकडंच, फक्त जास्त नीटनेटकं वाकडं.

रीमरचंही तेच. "ड्रिल मारा आणि वर रीमर फिरवून सरळ करून द्या" असं सांगणारे रोज भेटतात. रीमर म्हणजे तयार भोकात फिरवून ते मापाला आणणारं अनेक धारांचं हत्यार. तो माप देतो, फिनिश देतो. जागा देत नाही, दिशा देत नाही. होनिंग, म्हणजे दगडाने घासून भोक गुळगुळीत करणं, तेसुद्धा भोकाच्या वाटेनंच चालतं.

आता बोरिंगकडे येतो.

शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या फौंड्रीतून आलेलं बिडाचं एक साधं गिअरबॉक्स हाऊसिंग घ्या. त्यात ५२ मिलिमीटर बाहेरचा व्यास असलेली बेअरिंग बसायची आहे. ड्रॉइंगवर ५२ एच ७ लिहिलंय, म्हणजे भोक ५२.००० ते ५२.०३० च्या आत. फौंड्रीने कोअर, म्हणजे भोकासाठी साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा, ४६ चा ठेवलाय, म्हणजे प्रत्येक बाजूला तीन मिलिमीटर माल. कागदावर झकास. पण साचा बंद करताना कोअर दोन मिलिमीटर सरकला, की एका बाजूला पाच मिलिमीटर माल राहतो आणि दुसऱ्या बाजूला एकच. आणि त्या एका मिलिमीटरमध्ये काय असतं? ओतकामाची कडक कातडी, चिकटलेली वाळू, कुठे एखादं छिद्र.

यात फिरणारं हत्यार भोकाच्या मागे गेलं तर भोक ५२ चं होईल, गोलही होईल, पण दोन मिलिमीटर सरकलेल्या जागी. शेजारच्या भोकापासूनचं अंतर बिघडलं, गिअर एकमेकांत नीट बसणार नाहीत. बेअरिंग मात्र छान बसेल, त्यामुळे असेंब्ली होईपर्यंत कुणाला पत्ताही लागणार नाही.

बोरिंग बारला एकच टोक असतं. ते भोकाला टेकून चालत नाही, स्पिंडलच्या अक्षाभोवती फिरतं. भोक कुठे आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पहिल्या पासात (भोकातून एकदा आरपार कापत जाणं) हे कानाला ऐकू येतं: अर्ध्या फेऱ्यात खर्रर्र, अर्ध्या फेऱ्यात काहीच नाही. एकीकडे बीड, दुसरीकडे हवा. बिडाचा काळा बुरा एकाच बाजूने पडत राहतो. हळूहळू गप्प बसलेली बाजूही बोलायला लागते, आणि पूर्ण फेऱ्याचा एकसारखा आवाज आला की भोक मशीनच्या अक्षावर आलं असं समजायचं. पहिला कट मात्र कातडीच्या खालून जाईल एवढा खोल घ्यायचा. वरवर खरवडलं तर इन्सर्टचं (बारवर बसवलेल्या कापणाऱ्या तुकड्याचं) टोक वाळूवर घासून जातं.

इथे नव्या पोरांची एक समजूत मोडायला लागते. बोरिंग म्हणजे एका पासात सगळं सरळ, असं नाही. बारही वाकतो. पाच मिलिमीटरच्या बाजूला त्याच्यावर जोर जास्त, एक मिलिमीटरच्या बाजूला कमी. त्यामुळे जुन्या भोकाच्या वाकडेपणाची पुसट नक्कल नव्या भोकात उतरतेच. पहिल्या पासात चूक बरीच कमी होते, दुसऱ्यात त्या उरलेल्यातलाही थोडासाच भाग राहतो, आणि शेवटचा हलका, सगळीकडे सारखा कट घेतला की भोक एच ७ मध्ये येतं. गिऱ्हाईक पैसे देतं ते या पासांचे आणि त्याआधीच्या सेटिंगचे. कापायला दहा मिनिटं लागली तर डायल (जॉब मध्यावर आणायचं घड्याळासारखं माप) लावायला अर्धा तास, हे गणित बाहेर उभं राहून दिसत नाही.

हा फरक काही आमच्या मामांनी शोधलेला नाही. वाफेच्या इंजिनाचं सगळं गाडं एके काळी इथेच अडलं होतं. स्कॉटलंडमधल्या कॅरन कारखान्यात जॉन स्मीटनने सिलिंडर बोअर करायचं यंत्र बसवलं होतं. त्यातलं कापणारं डोकं सिलिंडरच्या आतल्याच पृष्ठभागावर टेकून पुढे सरकायचं. ओतकाम वाकडं असेल तर डोकंही त्याच वाटेनं जायचं. म्हणजे बोरिंगचं यंत्र असूनही वागणं ड्रिलचं. जेम्स वॉटच्या इंजिनात त्यामुळे पिस्टनच्या कडेने वाफ निसटत राहायची. १७७५ मध्ये जॉन विल्किन्सनने जाडजूड बार सिलिंडरमधून आरपार घेतला, दोन्ही टोकांना बाहेर आधार दिला आणि कापणारं डोकं त्या बारवर बसवलं. सिलिंडर स्थिर, बार फिरता. आता टूल बारचं ऐकत होतं, ओतकामाचं नाही. पुढच्या वर्षी वॉटचा भागीदार मॅथ्यू बोल्टनने लिहून ठेवलं, की ५० इंची सिलिंडरमध्ये जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीही चूक नाही. आजच्या मापाने ती चूक दांडगीच म्हणायची. पण ५० इंच म्हणजे १२७० मिलिमीटर, हे लक्षात घ्या. ऑइल इंजिनांच्या जिवावर ज्या कोल्हापूरचं उद्यमनगर वाढलं, तिथल्या लेथवाल्याला ही गोष्ट परकी वाटू नये.

आमच्याकडे हे सगळं सर्वांत स्पष्ट दिसतं ते गुऱ्हाळाच्या चरकावर. दसऱ्याआधी कामं यायला लागतात. चरकाच्या लाटा (उसाला दाबणारे रोलर) ज्या घरांत, म्हणजे बुश बसवलेल्या गोल भोकांत, फिरतात, ती घरं हंगामभर एकाच बाजूने जोर खाऊन अंड्यासारखी होतात. ‘घर वाढलंय’ म्हणून साइडची प्लेट टेम्पोत घालून आणतात. समजा घर ८० चं होतं आणि एका बाजूने ३ मिलिमीटर खाल्लंय. लांबट बाजू ८३. अशा घरात भोकाच्या मागे जाणारं काहीही फिरवलं, किंवा मशीनवर बांधताना त्या झिजलेल्या भोकालाच डायल लावली, तर नवं केंद्र दीड मिलिमीटर झिजेच्या बाजूला जाऊन बसतं. लाटांमधलं अंतर वाढतं. रस कमी निघतो, चिपाडं ओली राहतात, आणि शिव्या शेवटी खातो तो बोरिंगवाला.

म्हणून मामा त्या भोकाकडे आधी बघतच नाहीत. घराच्या अगदी कडेला, जिथपर्यंत बुश पोचत नव्हता, तिथे दोन-तीन मिलिमीटर रुंदीची न झिजलेली जुनी पट्टी राहिलेली असते. गंज आणि मळीखाली. ती घासून पुसून काढायची, बोट फिरवून खात्री करायची, आणि डायल तिथे लावायची. पट्टी नसेल तर दुसऱ्या चांगल्या घरावरून आणि मशीन केलेल्या तोंडावरून माप घ्यायचं. मग घर ९० ला बोअर करायचं, त्यात स्लीव्ह (नवी नळी) दाबून बसवायची आणि ती जागेवरच पुन्हा ८० ला बोअर करायची. पट्टी शोधण्यात मामांचा जेवढा वेळ जातो तेवढ्यात एखादा दुसरा माणूस जॉब बांधून मोकळा होईल. गिऱ्हाईक बाजूला उभं राहून विचारतं, "अजून सुरू नाही केलं व्हय?"

बोरिंगचे गुण गायले, आता त्याचं दुखणं. बार जेवढा बाहेर काढाल तेवढा तो दबतो, आणि हे दबणं लांबीच्या घनाने वाढतं. २५ चा स्टीलचा बार १०० मिलिमीटर बाहेर असताना जेवढा दबतो, त्याच्या आठपट तो २०० ला दबतो. म्हणून स्टीलच्या बारला व्यासाच्या चौपटीपर्यंत बाहेर काढा, कार्बाइडच्या बारला सहापटीच्या आसपास, त्यापुढे आत डँपर (थरथर शोषणारा भाग) असलेले महागडे बार घ्या, असा साधारण नियम आहे. जाडीचं गणित मात्र आपल्या बाजूचं. ते चौथ्या घाताने चालतं. २५ ऐवजी ३२ चा बार घातला की ताठपणा अडीच पटीहून जास्त होतो. भोकात मावेल तेवढा जाड बार घाला, लागेल तेवढाच बाहेर काढा. अर्धी बोरिंगची विद्या एवढ्यात आली, पण रोज कुणीतरी लांब बार तसाच ठेवून काम उरकतो, कारण बांधलेला बार सोडायचा कंटाळा.

बार गायला लागला, म्हणजे भोकात झालर उठायला लागली, की पहिला हात फीड कमी करायला जातो. बहुतेकदा उलटं करावं लागतं: वेग कमी, फीड थोडं जास्त. इन्सर्टच्या टोकाची गोलाई ०.८ ची असेल तर ०.४ ची घाला, आणि कटची खोली त्या गोलाईपेक्षा कमी ठेवू नका. कमी ठेवली की सगळा जोर बारला बाजूला ढकलण्यात जातो. लेथवर टूल केंद्राच्या केसभर वर बांधा, कारण जोर आला की ते खाली दबणारच. खाली गेलं की टूलची पाठ भोकाला घासते.

एवढं सगळं लिहिलं म्हणून प्रत्येक भोक बोअर करा असं माझं म्हणणं नाही. उलट सांगतो, बोरिंगची गरज नसलेली कितीतरी कामं लोक बोरिंगच्या दराने करून घेतात. बेसप्लेटमध्ये एम १६ चा बोल्ट जायचाय, आधी १४ चं भोक आहे. साडेसतरा किंवा अठराचं ड्रिल मारा आणि विषय संपवा. तिथे भोक दोन दशांश मिलिमीटर इकडे तिकडे गेलं, थोडं तिकोनी झालं, काही बिघडत नाही. बोल्ट तिथे आवळून धरायला आहे, जागा ठरवायला नाही. ड्रिलने साधारण २५ च्या भोकात एक-दोन दशांशाचा फरक धरून चालायचा. एच ७ मध्ये त्याच भोकाला एकवीस मायक्रॉन मिळतात, म्हणजे दोन शतांश. या दोन आकड्यांच्या मधे जे अंतर आहे त्याचेच मी पैसे मागतो. आणि भोकाची जागा आधीच बरोबर असेल, नुसतं माप आणि फिनिश हवं असेल, तर दोन-तीन दशांश माल ठेवून रीमर मारा. स्वस्तात होतं. त्यालाही बोरिंग नको.

व्हीएमसीवाली, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवरची, पोरं म्हणतात, आम्हाला यातलं काही लागत नाही, एंडमिल (बाजूच्या धारेनेही कापणारं हत्यार) गोल फिरवतो आणि कुठल्याही मापाचं भोक कुठेही करतो. खरं आहे. एंडमिल जुन्या भोकाचं ऐकत नाही, त्यामुळे सरकलेलं भोक जागेवर आणायला ती उत्तम. मी स्वतः शिरोलीतल्या एका मित्राकडून अशी कामं करून घेतो. फक्त गोलाई मग दोन अक्षांच्या एकत्र चालण्यावर येते. मशीन जुनं आणि बॅकलॅश (सरकवणाऱ्या स्क्रूमधली ढिलाई) असलेलं असेल, तर अक्ष जिथे दिशा बदलतो तिथे भोकाला चार खुणा उमटतात. बेअरिंगच्या घराला एंडमिलने अर्धा मिलिमीटर माल ठेवून शेवटचा हात बोरिंग हेडचा द्यायचा, असं आमचं ठरलेलं आहे. मित्राला तो हट्ट वाटतो. घर मोजून घेताना तोही तीन बोटांचाच गेज काढतो.

तर काम पाठवणार असाल तर एवढं करा. ‘भोक मोठं करायचंय’ असं नुसतं सांगू नका. त्यात काय बसणार ते सांगा: बोल्ट, पिन, बुश की बेअरिंग. बेअरिंग असेल तर ती जॉबबरोबरच पाठवा, नंबर नको, प्रत्यक्ष बेअरिंग. भोकाचं अंतर कुठून मोजायचं, कुठलं तोंड खरं, ते खडूने खूण करून द्या. दोन भोकं एकमेकांशी नातं असलेली असतील तर दोन्ही पार्ट आणा, एकच आणून दुसऱ्याचं माप फोनवर सांगू नका. आणि चरकाचं काम असेल तर घरातली मळी घरीच धुऊन आणा, डिझेल लागलं तरी चालेल, पण कडेची ती जुनी पट्टी मात्र पॉलिश पेपरने घासू नका.